नागपूरचा बीएस्सी, टोकियोचा स्फटिक

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

२०२५ हे संयुक्त राष्ट्रांचं क्वांटम विज्ञानाचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. आपल्याकडेही बॅनर लागले, एकदिवसीय कार्यशाळा झाल्या, दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं, पोरांना प्रमाणपत्रं मिळाली. मी ज्या दोन-तीन ठिकाणी शेवटपर्यंत बसलो, तिथे क्वांटम कॉम्प्युटर बँकांचे पासवर्ड कसे फोडेल हेच ऐकलं. हे सगळं ज्या पदार्थांतून उभं राहायचं ते पदार्थ कोण बनवणार, कुठल्या भट्टीत बनवणार, यावर चकार शब्द नाही. मला त्यावरच बोलायचं आहे. कारण या सगळ्या खेळात एक जागा अशी आहे की जी नागपूरला परवडते, जमूही शकते, आणि आपण तिच्याकडे ढुंकून बघत नाही.

उदाहरण एकच घेतो. क्वांटम स्पिन लिक्विड.

नाव भारी आहे, कल्पना तितकी अवघड नाही. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक बारकासा चुंबक असतो. त्याच्या या गुणाला स्पिन म्हणतात. काही पदार्थांत शेजारच्या दोन स्पिनांना एकमेकांच्या उलट दिशेला तोंड करून राहायला आवडतं. एक वर, एक खाली. बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी असेल तर काही अडचण येत नाही, पांढऱ्या घरात वर आणि काळ्या घरात खाली. पदार्थ थंड केला की सगळे आपापल्या जागी गोठतात.

आता चौकोनाऐवजी त्रिकोण घ्या. समजा एका वाड्यात तीन भाऊ आहेत आणि गावात पक्ष दोनच. तिघांचाही हट्ट एकच, की बाकीचे दोघं ज्या पक्षात असतील त्यात मी नाही. पहिला इकडे गेला, दुसरा तिकडे गेला. तिसऱ्यानं जावं कुठं? कुठंही गेला तरी एका भावाशी त्याचं जमणार नाही. भौतिकशास्त्रात याला फ्रस्ट्रेशनच म्हणतात, आणि शब्द अगदी चपखल आहे. असे लाखो-करोडो त्रिकोण एकमेकांना जोडलेले असले की सगळ्या वस्तीचं समाधान करणारी एकही मांडणी उरत नाही.

मग काय होतं? १९७३ साली फिलिप अँडरसन यांनी एक उत्तर सुचवलं. स्पिन दोघा-दोघांच्या जोड्या करतील, पण कुठलीच जोडी कायमची नसेल. २०१९ नंतरचं महाराष्ट्राचं राजकारण ज्यांनी पाहिलंय त्यांना ही गोष्ट फोड करून सांगायला नको. फरक इतकाच की इलेक्ट्रॉनांच्या दुनियेत या सगळ्या युत्या एकाच वेळी अस्तित्वात असतात. पदार्थ हातात घेतला तर दगडासारखा टणकच लागेल, ओला-बिला काही नाही. पण त्यातल्या स्पिनांच्या दिशा उणे २७३ अंशांच्या अगदी जवळ नेल्या तरी गोठत नाहीत. म्हणून 'लिक्विड'.

याचा उपयोग काय, हे विचारणारच तुम्ही, आणि विचारायलाच पाहिजे. २००६ साली अलेक्सी किटाएव यांनी मधमाशांच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीवर एक गणिती नमुना सोडवून दाखवला. तसा पदार्थ खरोखर हाती लागला तर माहिती एका ठिकाणी न ठेवता सगळ्या पदार्थभर अशी पसरवून ठेवता येईल की एखाद्या जागी झालेल्या गडबडीनं ती पुसली जाणार नाही. क्वांटम कॉम्प्युटरचं आजचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. पण अजून असं यंत्र झालेलं नाही. इतकंच काय, 'हा घ्या पक्का स्पिन लिक्विड' असं ज्याच्याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे असा एकही पदार्थ आज जगात नाही. उमेदवार भरपूर आहेत. त्यामुळे उद्या कुणी तुम्हाला स्पिन लिक्विडवर चालणारा मोबाईल विकायला आला तर दार लावून घ्या.

पण एकमत का होत नाही, ही गोष्ट गणितापेक्षा भट्टीशी जास्त निगडित आहे. खरा मुद्दा इथून सुरू होतो.

असा पदार्थ ठरवून बनवायचा तर आधी अणूंची मांडणी त्रिकोणांची हवी. सगळ्यात गाजलेली मांडणी म्हणजे 'कागोमे'. शब्द जपानी, अर्थ टोपलीचा डोळा, म्हणजे वेतकामातलं भोक. आपल्याकडे बुरुडकामात कोंबड्या झाकायच्या डालग्याला मोठ्या सहाकोनी भोकांची वीण असते ना, साधारण तीच. प्रत्येक षटकोनाच्या भोवती त्रिकोण. दुसरी गोष्ट, स्पिन छोटा हवा. तांब्याच्या आयनात एकच सुटा इलेक्ट्रॉन असतो, म्हणून त्याचा स्पिन सगळ्यात लहान आणि क्वांटम चुळबुळ सगळ्यात जास्त. आपल्या मँगनीजच्या साध्या आयनात असे पाच इलेक्ट्रॉन असतात. तो गडी जड, लवकर स्थिर होतो. म्हणजे मनसर-कांद्रीच्या खाणीतलं मँगनीज उचललं आणि झाला स्पिन लिक्विड, असं काही होणार नाही. भलता अभिमान नको म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

तिसरी गोष्ट सगळ्यात त्रासदायक. पदार्थ स्वच्छ हवा.

हर्बर्टस्मिथाइट नावाचं एक खनिज आहे. हिरवं, तांबं आणि जस्ताचं. चिलीमधल्या एका खाणीत सापडलं आणि २००४ साली त्याचं रीतसर वर्णन झालं. त्यात तांब्याचे अणू नेमके कागोमे जाळीत बसलेले असतात आणि दोन जाळ्यांच्या मध्ये जस्त. पुढच्याच वर्षी, २००५ साली, अमेरिकेत एमआयटीच्या रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत शुद्ध रूपात तयार केलं. शेजारी स्पिनांमधली ओढ साधारण २०० केल्विनची. सरळ हिशोबानं तो त्या आसपास कुठे तरी गोठायला हवा होता. ०.०५ केल्विनपर्यंत नेला तरी गोठला नाही! लोक आनंदानं नाचायचेच बाकी होते.

पण पावडर वेगळी आणि स्फटिक वेगळा. न्यूट्रॉनांचा मारा करून आत काय चाललंय हे नीट बघायचं तर अखंड मोठा स्फटिक लागतो. तो वाढवायला दहा महिने लागले. दहा महिने भट्टीजवळ कुणी तरी बसून होतं, तापमान इकडचं तिकडे होऊ न देता. त्या स्फटिकावरचं मोजमाप २०१२ साली 'नेचर'मध्ये आलं. आणि तरीही वाद मिटला नाही. कारण तांबं आणि जस्त आकारानं जवळजवळ सारखे. जस्ताच्या सुमारे १५ टक्के जागांवर तांबं शिरून बसतं, आणि हे घुसखोर आपलाच सूर लावतात. जे दिसतंय ते स्पिन लिक्विडचं की घुसखोरांचं, हा वाद आजही चालू आहे. इटर्बियम, मॅग्नेशियम आणि गॅलियमच्या एका ऑक्साइडचंही असंच झालं. २०१५ नंतर त्याचा बराच गवगवा झाला. मग लक्षात आलं की मॅग्नेशियम आणि गॅलियमचे अणू एकमेकांच्या जागी वाटेल तसे बसलेत आणि त्या गोंधळामुळेही लिक्विडसारखं दिसू शकतं. म्हणजे नुसता पसारासुद्धा लांबून नाच वाटतो.

सांगायचं असं की या क्षेत्रात अडलंय ते चांगल्या स्फटिकाशी.

आता घरची गोष्ट. बी. श्रीराम शास्त्री हे नाव नागपुरात किती जणांना माहीत आहे? बीएस्सी नागपूर विद्यापीठ, एमएस्सी आयआयटी मद्रास, पीएचडी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. १९८१ साली बिल सदरलँड यांच्यासोबत त्यांनी एक नमुना मांडला. चौकोनी जाळीत काही कर्णरेषा अशा टाकायच्या की एकमेकांना काटकोनात असलेल्या जोड्या तयार होतील. त्या अवस्थेचं उत्तर त्यांनी कागदावर तंतोतंत काढून दाखवलं. या विषयात तंतोतंत उत्तर म्हणजे लॉटरीच. याला जगभर 'शास्त्री-सदरलँड मॉडेल' म्हणतात.

त्याच्याही मागचा धागा मुंबईचाच. १९६९ साली त्याच टाटा संस्थेत चंचल मजुमदार आणि दीपन घोष यांनी स्पिनांच्या सरळ साखळीसाठी असं उत्तर काढलं होतं. शेजाऱ्याशी भांडण पूर्ण, शेजाऱ्याच्या शेजाऱ्याशी निम्मं, तर साखळी सरळ जोड्यांत मोडते. शास्त्रींचं काम म्हणजे तीच कल्पना साखळीतून जाळीत नेणं. दीपन घोष पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक होते.

मग १९८१ चा कागद कपाटात पडून राहिला म्हणा ना. १९९१ साली अमेरिकेत दोन रसायनशास्त्रज्ञांनी स्ट्रॉन्शियम, तांबं आणि बोरॉनचा एक पदार्थ बनवून त्याची रचना छापली. त्यात तांब्याचे अणू अगदी शास्त्री-सदरलँडच्या नकाशाप्रमाणे बसले होते. कुणाच्या लक्षात आलं नाही! रसायनवाले भौतिकीची नियतकालिकं वाचत नाहीत आणि भौतिकीवाले रसायनाची. १९९९ साली टोकियोत हिरोशी कागेयामा आणि सहकाऱ्यांनी त्या पदार्थाचं चुंबकत्व मोजलं आणि मग उजेड पडला. कागदावरून वस्तूपर्यंत यायला १८ वर्षं. त्यातली आठ वर्षं वस्तू हातात असून.

(जाणकार लगेच टोकतील, म्हणून सांगून टाकतो. त्या पदार्थाची साधी अवस्था म्हणजे खरा स्पिन लिक्विड नव्हे, त्याची चुलत बहीण म्हणा. जोड्या तिथे ठरलेल्या असतात, बदलत नाहीत. पण दाब वाढवत नेला की पुढे काय होतं, तिथे लिक्विड लपलाय का, यावर आजही काम चालू आहे. आणि १९८८ साली शास्त्रींनी आणि पुढे नोबेल मिळालेल्या डंकन हाल्डेन यांनी वेगवेगळं काम करून ज्या साखळीचं उत्तर काढलं, ती मात्र अस्सल स्पिन लिक्विड.)

२००९ साली शास्त्रींना अमेरिकन फिजिकल सोसायटीचा लार्स ऑन्सागर पुरस्कार मिळाला. आपल्या शहरात त्यांच्या नावाचा चौक नाही याचं मला दुःख नाही, चौक पुष्कळ झालेत. दुःख हे आहे की नागपूर विद्यापीठात फिजिक्स शिकणाऱ्या पोराला हे नाव अभ्यासक्रमाच्या वाटेवर कुठेच भेटत नाही.

बरं, हे फक्त जुन्या काळचं आहे का? नाही. आयआयटी मुंबईत प्रा. अविनाश महाजन यांच्या गटानं या विषयात वर्षानुवर्षं काम केलंय. २०१२ साली त्यांनी बेरियम, इरिडियम आणि टायटॅनियमच्या एका ऑक्साइडमध्ये, त्रिकोणी जाळीवर, ०.३५ केल्विनपर्यंत काहीच गोठत नाही हे दाखवलं. अडचण तीच, इरिडियम आणि टायटॅनियम जागा बदलतात. २०१४ साली महाजन आणि देशा-परदेशातले सहकारी यांनी शिसं, तांबं आणि टेल्युरियमच्या एका ऑक्साइडची पावडर बनवून अभ्यासली. ती चांगलीच उमेदवार निघाली, २०१६ साली म्युऑनच्या मोजमापांनीही दुजोरा दिला. आणि त्याचे मोठे स्फटिक कुठे वाढले? बर्लिनमध्ये. २०२० सालचा महत्त्वाचा शोधनिबंध त्या स्फटिकांवरचा आहे.

दिसतंय का काही? कल्पना इथली, कधी पावडरही इथली, स्फटिक मात्र दुसऱ्याच्या भट्टीतला. कापूस आपला आणि गिरणी त्यांची, हे विदर्भाला कुणी नव्यानं शिकवायला नको.

आता नागपूरकडे बघा. मॉइलचं मुख्यालय इथे. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय इथे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय इथे. वाडीला अॅल्युमिनियमची राष्ट्रीय संशोधन संस्था. व्हीएनआयटीत धातुशास्त्र आणि पदार्थ अभियांत्रिकीचा अख्खा विभाग. १९४२ साली कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभी राहिलेली एलआयटी, जिथे रसायन तंत्रज्ञान पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जातंय. लुईस फर्मर यांनी भारतातल्या मँगनीजवर १९०९ साली जे जाडजूड काम छापलं, त्यात आपल्या जिल्ह्याच्या खाणी पानोपानी आहेत. तांब्याचं मलाजखंड मध्य प्रदेशात असलं तरी आपल्याला भोपाळपेक्षा जवळ. दगड वाचता येणारी, भट्टी हाताळता येणारी माणसं या शहरात जितकी आहेत तितकी राज्यात फार थोड्या ठिकाणी असतील. फक्त ती एकमेकांना भेटत नाहीत. आपल्या कडे माल टनानं मोजायची सवय आहे, हा विषय ग्रॅमचा आहे.

आणि पैसे? एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, ६००३.६५ कोटींचं, २०३०-३१ पर्यंत. चार केंद्रं ठरली. त्यातलं पदार्थ आणि उपकरणांचं केंद्र आयआयटी दिल्लीकडे, सेन्सिंगचं आयआयटी मुंबईकडे. केंद्राला जोडून इतर संस्थांनी काम करायचं अशी रचना आहे. त्याच वर्षी जानेवारीत आपल्या विद्यापीठाच्या शताब्दीनिमित्त १०८ वी सायन्स काँग्रेस इथे भरली होती. मंडप उतरला, आणि मी तेव्हापासून विचारतोय की मागे काय उरलं.

मला नागपूरला क्वांटम कॉम्प्युटर नकोय. अब्जावधींचं शीतयंत्रही नको. हेलियम आपल्या देशात जवळजवळ सगळा आयात होतो, तो खर्च झेपणार नाही. अतिथंड मोजमापांसाठी इंदूरला यूजीसी-डीएई संशोधन संकुल आहे, ते विद्यापीठातल्या संशोधकांसाठीच उभं केलंय. न्यूट्रॉनसाठी ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी आहे. नमुना डबीत घालून रेल्वेनं नेता येतो. इथे हवी आहे ती फक्त स्फटिक वाढवायची एक प्रयोगशाळा. चार-सहा चांगल्या भट्ट्या, वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळं तापमान ठेवता येणाऱ्या. क्वार्ट्झच्या नळ्या निर्वात करून सील करायची सोय. चालू स्थितीतलं एक्स-रे विवर्तन यंत्र, ज्याची चावी एका माणसाच्या खिशात नसेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन कायमस्वरूपी तंत्रज्ञ. कंत्राटी नाही. ११ महिन्यांची ऑर्डर असलेला माणूस १० महिने वाढणारा स्फटिक कसा सांभाळणार? सुरुवात करायलाच त्याचा महिना जातो.

जागा विद्यापीठाची असो, व्हीएनआयटीची असो, मला फरक पडत नाही. पण ती कुणा एका विभागाची नसावी. रसायन, फिजिक्स आणि धातुशास्त्र या तिघांनी एकाच टेबलावर बसायचं. स्ट्रॉन्शियमच्या त्या पदार्थाची आठ वर्षं वाया गेली ती टेबलं वेगळी होती म्हणून. आणि फसलेल्या प्रयोगांची वही सगळ्यांना वाचायला उघडी ठेवायची. शंभर पदार्थ बनवले तर नव्वद-पंच्याण्णव निकामी निघणार, हे गृहीत धरूनच. पीएचडीच्या पोराला 'वर्षात दोन पेपर' अशी घाई लावली तर तो पावडरवरच थांबतो. त्यालाही दोष देता येत नाही.

लोक म्हणतील, शेतकऱ्याच्या सोयाबीनला भाव नाही, शाळेत मास्तर नाही, आणि तुम्ही इथे उणे २७३ अंशांच्या गोष्टी काय करता, बाप्पा? तेही मे महिन्यात पंचेचाळीस अंश बघणाऱ्या शहरात. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की मी नवे पैसे मागतच नाहीये. मिशनचे पैसे मंजूर झालेत, ते कुठे तरी जाणारच आहेत. न मागणाऱ्या शहराला ते मिळणार नाहीत एवढंच. शिवाय भट्टी फक्त स्पिन लिक्विडपुरती नसते. जो पोरगा शुद्ध ऑक्साइड बनवायला शिकला तो बॅटरीचे पदार्थ बनवू शकतो, फेराइट, सेन्सर, सिरॅमिक बनवू शकतो. आज आपला एमएस्सी झालेला पोरगा एमपीएससीच्या लायब्ररीत बसतो किंवा पुण्याची गाडी पकडतो. त्याला तिसरा रस्ता दाखवायला काय हरकत आहे?

एका कॉलेजात, नाव नको, मी परवा एक भट्टी बघितली. अनुदानातून घेतलेली, प्लास्टिकच्या आवरणात. विचारलं तर सांगितलं, थर्मोकपल गेलंय, दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवलाय. थर्मोकपल! काही हजारांची वस्तू. अशा किती भट्ट्या या शहरात झाकून ठेवल्या असतील याची कुणाकडे एकत्र यादी नाही.

ती यादी आपणच करू. तुम्ही विद्यार्थी असाल, शिक्षक असाल, लॅब असिस्टंट असाल, तर कॉमेंटमध्ये तीन गोष्टी लिहा. तुमच्याकडे भट्टी आहे का, ती किती तापमानापर्यंत जाते, आणि शेवटची कधी पेटली होती. कॉलेजचं नाव लिहायची भीती वाटत असेल तर नुसतं तालुक्याचं लिहा. पन्नास नोंदी झाल्या की ती यादी घेऊन मी विद्यापीठात आणि व्हीएनआयटीत दोन्हीकडे जातो. सोबत यायचं असेल त्यांनी तेही लिहा. मला शनिवार मोकळा असतो.